मावशी, यातलं गणित बंद करता येतं का?

माझ्या भाचीने हा प्रश्न विचारला तेव्हा ती चौथीत होती. पाढ्यांवरून बहिणीच्या घरी रोज संध्याकाळी रडारड चालायची आणि मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करते, म्हणून तीन शनिवार-रविवार खपून मी तिच्या टॅबसाठी एक गेम तयार केला. पडद्यावर ‘७ × ८ = ?’, खाली चार उत्तरं. बरोबर उत्तरावर बोट ठेवलं की रॉकेट सुटायचं. पाच रॉकेटं सुटली की अर्धा मिनिट उल्का फोडत अंतराळात फिरायला मिळायचं. उत्तर चुकलं तर रॉकेट जमिनीवरच फुटायचं. धूर, ठिणग्या, धडाम. त्या स्फोटावर मी जरा जास्तच मेहनत घेतली होती.

पहिल्या दिवशी ती मुद्दाम चुकली, स्फोट बघायला. दुसऱ्या दिवशी तिला शोध लागला की चारही उत्तरांवर भराभर बोटं मारली तरी रॉकेट सुटतंच. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “मावशी, यातलं गणित बंद करता येतं का?”

मला आधी राग आला, मग लाज वाटली. कारण गणित बंद केलं असतं तर माझ्या गेमचं काहीच बिघडलं नसतं, उलट तो सुधारला असता. मी गेम केलाच नव्हता. मी रस्त्यावर टोलनाका बांधला होता आणि पोरगी शहाणी निघाली, तिने बाजूचा कच्चा रस्ता शोधला.

ही चूक करणारी मी पहिली नाही, एवढं तरी समाधान मिळावं म्हणून मी अशा खेळांचा इतिहास वाचायला घेतला. समाधान मिळालं, पण धक्काही बसला. मला वाटलं होतं की आधी लोकांनी माझ्यासारखे ओबडधोबड खेळ केले असतील आणि मग हळूहळू सुधारले असतील. प्रत्यक्षात खूप चांगले खेळ आधी झाले. टोलनाके नंतर आले, आणि तेच जास्त खपले.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. तिथे १९६० साली डोनाल्ड बिट्झर या अभियंत्याने ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. (नाव तत्त्ववेत्त्याचं असलं तरी ते लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे. आपल्या सरकारी योजनांची नावं करतात तसं.) एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेले दूरदूरचे पडदे. १९७२च्या सुमाराला आलेल्या चौथ्या आवृत्तीचे पडदे प्लाझ्माचे होते. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी अक्षरं, आणि पडद्याला बोट लावलं तर संगणकाला कळायचं. टचस्क्रीन, पन्नासेक वर्षांपूर्वी! प्लाझ्मा पडदासुद्धा बिट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली याच कामासाठी शोधला होता. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे प्लाझ्मा टीव्ही त्यानंतर कित्येक वर्षांनी आले.

या पडद्यांवर शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे धडे लिहिणाऱ्यांत शॅरन डगडेल आणि डेव्हिड किबी हे दोघं होते. त्यांचा ‘डार्ट्स’ हा खेळ अपूर्णांकांचा. पडद्यावर उभी संख्यारेषा. तिच्यावर मोजकेच आकडे लिहिलेले आणि मधेमधे काही फुगे अडकवलेले. फुगा जिथे आहे तिथली संख्या ओळखून टाइप करायची, की त्या जागी बाण येतो. बरोबर असेल तर फुगा फुटतो.

आता चुकलं तर काय होतं ते बघा. ‘चूक’ असं लिहून येत नाही. फुलीही नाही, भोंगाही नाही. बाण तुम्ही सांगितलेल्या जागी जाऊन रुततो आणि तिथेच राहतो, शेजारी तुमची संख्या. म्हणजे तुम्ही १/२ म्हणालात आणि बाण फुग्याच्या थोडा खाली रुतला, तर आता तुमच्याकडे संख्यारेषेवर एक नवी खूण आहे. पुढचा नेम त्या खुणेवरून धरायचा. इथे चूक ही पुढच्या नेमाची खूण होते. माझ्या गेममधली चूक म्हणजे नुसता धडाम.

आणि या खेळातलं गणित बंद करता येत नाही. गणित काढलं तर नेमच उरत नाही.

पुढे टॉमस मलोन नावाच्या संशोधकाने या खेळाचे स्क्रू उघडले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या त्याच्या १९८०च्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता: संगणकावरच्या खेळांत मजा नेमकी कशात असते? त्याने ‘डार्ट्स’चे आठ अवतार केले. एकात नुसते प्रश्न. एकात गुण. एकात संगीत. एकात नुसतं ‘चूक’ न म्हणता किती चुकलं याची सूचना. एकात फुगे फुटतात, पण ते संख्यारेषेवर नसतात; उत्तर बरोबर आलं की बक्षीस म्हणून बाजूला फुटतात. हा शेवटचा अवतार वाचताना मी चपापले. माझं रॉकेट ते हेच. पाचवीच्या मुलामुलींना हे अवतार खेळायला देऊन मलोनने बघितलं की कोण कशावर किती वेळ रमतं.

निकाल त्याला वाटला तितका सरळ आला नाही. फुगे फोडण्याची कल्पना मुलग्यांना आवडली, मुलींना ती नकोशी वाटली. म्हणजे गणित आणि गोष्ट एकजीव केली की झालं, असं नाही. गोष्ट कोणाला रुचते हेही बघावं लागतं, आणि ती चुकीची निवडली तर अर्धा वर्ग बाहेर पडतो. (माझी भाची या निष्कर्षात बसत नाही. तिला काहीही फुटलेलं चालतं.)

प्लेटोवरचा दुसरा खेळ मला त्याहून आवडतो. तो बॉनी अँडरसन यांनी लिहिला. १९६२च्या ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ या हॉलिवूडपटाच्या नावातल्या ‘वन’वर त्यांनी कोटी केली आणि खेळाचं नाव ठेवलं ‘हाऊ द वेस्ट वॉज वन + थ्री × फोर’. थोडक्यात, वेस्ट. आपल्या सापशिडीचा आणि ल्युडोचा नातेवाईकच म्हणा. ७० घरांची वाट, दर १० घरांवर एक गाव. एका खेळाडूची घोडागाडी, दुसऱ्याचं आगगाडीचं इंजिन. गावावर बरोबर थांबलात तर थेट पुढच्या गावाला पोचता. अधूनमधून जवळच्या वाटा आहेत. आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरात जाऊन पडलात तर तो दोन गावं मागे जातो.

फरक फाशात आहे. इथे फासा तुम्हाला आकडा देत नाही. तीन चकत्या फिरतात आणि तीन आकडे येतात. त्यांतून आकडा तुम्ही बनवायचा, दोन वेगवेगळ्या क्रिया वापरून. हवे तर कंस घाला.

समजा २, ३, ४ आले आणि तुम्ही ३४व्या घरात आहात. २ × ३ × ४ चालणार नाही, एकच क्रिया दोनदा होते. सगळ्यांत मोठी उडी (२ + ३) × ४, म्हणजे २०. तुम्ही ५४वर. पण (४ − २) × ३ केलंत तर ६ होतात, तुम्ही ४०च्या गावी पोचता आणि तिथून फुकटात ५०ला. आणि प्रतिस्पर्धी ४४वर बसला असेल तर? ४ × ३ − २ = १०. नेमके त्याच्या डोक्यावर! इथे मोठं उत्तर नेहमी चांगलं नसतं. कंस कुठे घालायचा हा परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न राहत नाही, तो सूड घेण्याचं साधन होतो. भावंडांबरोबर ल्युडो खेळलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

आणि तरीही हा खेळ अडकला.

रिचर्ड बर्टन आणि जॉन सीली ब्राउन या दोघांनी वेस्ट खेळणारी मुलं बारकाईने पाहिली. मुलांना एखादी रचना सापडायची, आणि मग ती तीच रचना वापरत राहायची. खेळ पुढे सरकत होता, मुलं रमली होती, पण वजाबाकी, भागाकार, कंस यांच्याकडे ती फिरकतच नव्हती. खेळ जिंकता येतोय म्हटल्यावर कोण कशाला नवीन काही करून बघेल?

मग त्यांनी खेळात एक प्रशिक्षक बसवला. माणूस नाही, प्रोग्रॅमच. मुलाने केलेली चाल आणि उपलब्ध असलेल्या सगळ्या चाली तो ताडून बघायचा, आणि मूल नेमकं काय टाळतंय याचा अंदाज बांधायचा. त्या काळाच्या मानाने हे जबरदस्त होतंच. पण १९७९ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात मला जास्त भावलं ते प्रशिक्षकाने गप्प कधी बसायचं याचे नियम. मुलाला स्वतः खेळ उमगायची संधी मिळण्याआधी तोंड उघडायचं नाही. लागोपाठ दोन चालींवर सल्ला द्यायचा नाही, काहीही झालं तरी. जिथे मूल खरंच कच्चं आहे आणि सुचवलेल्या चालीने ठळक फायदा होणार आहे, तिथेच बोलायचं. हे नियम मी छापून बहिणीच्या फ्रिजवर लावणार होते. लावले नाहीत, भांडण झालं असतं.

प्रशिक्षकासह खेळलेल्या मुलांनी जास्त वेगवेगळ्या रचना वापरल्या, आणि त्यांना खेळ जास्त आवडलाही.

इतकं सगळं १९८०पर्यंत माहीत होतं. मग घरोघरी छोटे संगणक आले आणि १९८३ साली ‘मॅथ ब्लास्टर’ आला. तो केला जॅन डेव्हिडसन या शिक्षिकेच्या कंपनीने. उदाहरण सोडवा, नेम धरा, उडवा. तो प्रचंड खपला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. यात मी त्यांना दोष देत नाही. प्लेटोचे पडदे मोठ्या संगणकाला जोडलेले आणि भयंकर महाग होते, ते काही कुणाच्या घरी जाणार नव्हते. शिवाय बेरीज, वजाबाकी, पाढे असे कप्पे पाडलेला खेळ आईबापांना दुकानात उभ्या उभ्या कळतो. ‘यात तुमचं मूल फुग्यावर नेम धरताना चुकेल आणि त्या चुकीतून शिकेल’ हे खोक्यावर छापून कोण विकत घेणार? (गेम खेळणाऱ्यांसाठी एक गंमत: याच डेव्हिडसन कंपनीने १९९४ साली ब्लिझार्ड विकत घेतली. हो, वॉरक्राफ्टवाली ब्लिझार्ड.)

डगडेल आणि किबी मात्र थांबले नाहीत. त्यांचा ‘ग्रीन ग्लॉब्ज’ हा खेळ मोठ्या मुलांचा. आलेखाच्या पडद्यावर १३ हिरवे गोळे विखुरलेले. तुम्ही समीकरण टाइप करायचं, संगणक त्याचा आलेख काढतो, आणि वाटेत येतील ते गोळे फुटतात. एका फटक्यात पहिल्या गोळ्याला १ गुण, दुसऱ्याला २, मग ४, मग ८. त्यामुळे सरळ रेषेने एकेक गोळा टिपण्यापेक्षा पाच-सहा गोळ्यांतून वळसे घेत जाणारं एखादं विचित्र समीकरण शोधण्यात फायदा. शिवाय विक्रमी डाव साठवले जायचे आणि बाकीच्यांना बघता यायचे, समीकरणांसकट. कोणी काय युक्ती केली हे मुलं उलगडून बघायची. वर्गात ज्याला कॉपी म्हणतात त्याचंच इथे शिक्षण झालं होतं.

माझ्या रॉकेटचा रीतसर पंचनामा २०११ साली झालेला मला सापडला. जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ या इंग्लंडमधल्या संशोधकांनी भागाकाराचा एक खेळ वापरला. सांगाड्यांच्या छातीवर संख्या असते आणि तिला निःशेष भाग जाईल असंच हत्यार उचलावं लागतं. दुसऱ्या आवृत्तीत सांगाडे कोरे, आणि गणिताची प्रश्नमंजूषा टप्पा संपल्यावर. गणित तेच, लढाईही तीच. पहिल्या आवृत्तीतली मुलं ठरलेल्या वेळात जास्त शिकली. आणि मोकळ्या वेळात हवा तो खेळ खेळा म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या आवृत्तीपेक्षा सातपट वेळ पहिली आवृत्ती खेळली. सातपट!

यंदाच्या मे महिन्यात मी रॉकेट पुसून टाकलं आणि ‘डार्ट्स’सारखं काहीतरी लिहिलं. उभी रेषा, खाली ०, वर २, एक लाल फुगा. भाची आता पाचवीत जाणार. शेजारी तिची आजी, म्हणजे माझी आई, पंच्याहत्तरी ओलांडलेली, शेंगा सोलत बसली होती.

भाचीने १ १/२ टाइप केलं. बाण फुग्याच्या खाली रुतला.

“दीडच्या वर आहे,” आई म्हणाली. “पावणेदोन असेल.”

“पावणेदोन म्हणजे?”

“दोनाला पाव कमी.”

‘पाव’ तेवढं तिने ऐकलं आणि १ १/४ टाइप केलं. बाण आधीच्या बाणाच्याही खाली गेला. मी काहीतरी बोलणार होते, पण लागोपाठ दोन चाली वगैरे आठवून गप्प बसले. ती दोन्ही बाणांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दोनातून कमी करायचा ना?” आणि १ ३/४. आता बाण फुग्याच्या किंचित वर.

“आजी, दीड आणि पावणेदोन, यांच्या मधे काय असतं?”

मला वाटलं, आता मराठी संपली. सव्वा, दीड, पावणेदोन, पुढे शब्द नाही. आईने सोललेली शेंग ताटात टाकली.

“एक रुपया दहा आणे,” ती म्हणाली.

“आणे म्हणजे?”

“रुपयात सोळा आणे. दीड म्हणजे एक रुपया आठ आणे. पावणेदोन म्हणजे एक रुपया बारा आणे. मधले दहा.”

भाचीने बोटांवर काहीतरी केलं आणि १ १०/१६ टाइप केलं. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायची अट मी घातली नव्हती, नशीब. फुगा फुटला.

आईने पदराला हात पुसले आणि टॅब स्वतःकडे ओढला. “दे बघू, आता माझी पाळी.”