परवाना परत केला, दीक्षा नाही

बायकांच्या हक्काचा इतिहास सांगायला बसलो की आम्ही बहुतेक वेळा आपल्याच मुलखातल्या बायांबद्दल बोलतो. आज जरा लांब जाऊ या. गोष्ट चीनमधली आहे, ख्रिस्ती धर्मातली आहे. तरी ऐकता ऐकता ती तुम्हाला ओळखीची वाटेल.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ख्रिस्ती लोकांत धर्मगुरू व्हायचं तर नुसतं शिकून भागत नाही. बिशप, म्हणजे अनेक चर्चवरचा मोठा अधिकारी, डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतो. ज्याला ही दीक्षा मिळाली, त्यालाच प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी चालवता येतो. आपली गोष्ट अँग्लिकन मंडळीतली. ही मंडळी मूळ इंग्लंडची, इंग्रजांबरोबर देशोदेशी पोचली. तिथे शेकडो वर्षं ही दीक्षा फक्त पुरुषांना मिळायची. बायका शाळा चालवायच्या, आजाऱ्यांची सेवा करायच्या, चर्च झाडायच्या, पण विधीच्या जागी त्यांना उभं राहता येत नसे. येशूचे बारा प्रेषित पुरुष होते, असं कारण सांगत. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना पोचवायला येशूनं मरीया मग्दालिया या बाईलाच पाठवलं, हेही त्याच शास्त्रात आहे, पण ते कमी आठवायचं.

१९०७ साली हाँगकाँगमध्ये ली कुटुंबात एक मुलगी जन्मली. मुलगा हवा म्हणणाऱ्या त्या समाजात बापानं तिचं नाव ठेवलं टिम-ओई, म्हणजे ‘फार लाडकी’. आपल्याकडे सातारा भागात मुलीवर मुलगी झाली की ‘नकुशी’ नाव ठेवायचे. २०११ साली जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन अशा कितीतरी मुलींना नवी नावं दिली. म्हणून त्या बापाचं मोठेपण आपल्याला लवकर कळतं. टिम-ओईंनी पुढे स्वतःसाठी आणखी एक नाव निवडलं, फ्लॉरेन्स. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावरून.

१९४१ मध्ये त्या डीकन झाल्या. डीकन म्हणजे धर्मगुरूच्या खालची पायरी. त्यांची नेमणूक मकावला होती. गोवा जसं तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं, तसंच मकावही. पोर्तुगाल युद्धात नव्हता, म्हणून लढाईनं पोळलेले लोक जीव वाचवायला तिथे येत होते. त्याच वर्षी डिसेंबरात जपाननं हाँगकाँग घेतलं आणि मकावच्या अँग्लिकन मंडळीकडे धर्मगुरू येईनासा झाला. मग बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक, भुकेल्यांची सोय, सगळं टिम-ओईबाईंच्या अंगावर पडलं. प्रभुभोजनाचं काय करायचं? दीक्षा नसताना तो विधी चालवायची खास परवानगी त्यांना देण्यात आली.

बिशप रोनाल्ड हॉल यांना हे पटेना. धर्मगुरूचं काम ती करतेच आहे, लोकांचा तिच्यावर विश्वास आहे, तर मग तिला दीक्षाच का देऊ नये? टिम-ओईबाई जपानी सैन्याच्या ताब्यातल्या मुलखातून वाट काढत चीनच्या मोकळ्या भागात गेल्या. तिथे २५ जानेवारी १९४४ रोजी हॉल यांनी त्यांना धर्मगुरूची दीक्षा दिली. अँग्लिकन मंडळीत बाईला मिळालेली ही पहिली दीक्षा.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, वाटा मोकळ्या झाल्या, आणि वरच्या लोकांना नियम आठवले. इंग्लंडपासून चीनपर्यंत मोठमोठे बिशप नाराज झाले. हॉल यांच्यावर दबाव वाढला. तेव्हा १९४६ मध्ये, त्यांच्यावर बालंट नको म्हणून, टिम-ओईबाईंनी काम करण्याचा परवाना परत केला. मैत्रिणींनो, इथे नीट लक्ष द्या. परवाना परत केला, दीक्षा परत केली नाही. ‘मी धर्मगुरू नाही’ असं त्यांनी कुठेही म्हटलं नाही.

अडचण आली की बाई चालते, अडचण सरली की नियम आठवतो. काम करायला बाई हवी, पदाला नको. हा हिशेब त्याच मंडळीत साठ वर्षं आधी आपल्या पंडिता रमाबाईंनीही पाहिला होता. इंग्लंडमध्ये त्या चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. हिंदुस्थानात यायची तयारी करणाऱ्या इंग्रज तरुणांनाही त्यांनी शिकवावं असं ठरत होतं, तर इथल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवायचं नाही! त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. त्याची छपाईही तिथल्या बायकांनीच केली.

टिम-ओईबाईही हात बांधून बसल्या नाहीत. व्हिएतनामच्या सीमेजवळ हपू गावात त्यांनी बाळंतपणाचं घर काढलं. जन्मलेल्या मुलीचा जीव घेतला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. पुढे चीनमध्ये राज्य बदललं, चर्च बंद पडली. त्यांना शेतावर कोंबड्या राखायला लावलं, नंतर कारखान्यात पाठवलं. धर्मगुरूचा झगा त्यांच्याच हातानं कात्रीनं कापायला लावला. त्या सगळ्यातून त्या टिकल्या.

तिकडे जगात मतदान सुरू होतं. १९७१ मध्ये केनियातल्या लिमुरू इथे अँग्लिकन प्रतिनिधींची बैठक झाली. हाँगकाँगच्या बिशपांनी बायकांना दीक्षा दिली तर चालेल का, असा प्रश्न होता. बाजूनं २४ मतं, विरोधात २२. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट या दोघींना दीक्षा मिळाली, आणि टिम-ओईबाईंची जुनी दीक्षाही मान्य झाली. १९८३ मध्ये त्या कॅनडात टोरांटोला गेल्या. तिथे त्या पुन्हा धर्मगुरू म्हणून उभ्या राहिल्या. परवाना परत केल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी!

फेब्रुवारी १९९२ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला इंग्लंडच्या मंडळीनं बायकांच्या दीक्षेचा ठराव मंजूर केला. दोनतृतीयांश मतं लागत होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात नुसती दोन मतं फिरली असती तरी ठराव पडला असता. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलमध्ये ३२ बायकांना एकदम दीक्षा मिळाली. बिशपपदासाठी मात्र आणखी थांबावं लागलं. २०१२ मध्ये तो ठराव सहा मतांनी हुकला, २०१४ मध्ये पास झाला, आणि जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या.

आपला देश इथे मागे नव्हता. चर्च ऑफ साउथ इंडिया या मंडळीत २०१३ मध्येच ई. पुष्पा ललिता आंध्रातल्या नंद्याळच्या बिशप झाल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकन मंडळीतलं सगळ्यात मानाचं पद, तिथे सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या मूळच्या नर्स. फ्लॉरेन्स हे नाव आवडीनं घेणाऱ्या टिम-ओईबाईंना ते ऐकून केवढा आनंद झाला असता!

सगळीकडे असं झालेलं नाही. गोव्यात, वसईत आपण जी चर्च पाहतो, त्यांतली बहुतेक कॅथलिक पंथाची. तिथे सिस्टर शाळा आणि दवाखाने चालवतात, पण मिस्सा फक्त फादर करतात. बायकांना दीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाही, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं. तो प्रश्न त्या पंथाच्या बायका आजही विचारत आहेत.

कोणी कोणत्या धर्मात काय मानावं, हे सांगणाऱ्या आम्ही कोण? पण काम कोणाचं आणि पद कोणाचं, हे विचारायला धर्म आडवा येत नाही. गावोगाव गटांच्या बैठका घेताना आम्ही पाहतो. सरपंचबाई निवडून येतात आणि खुर्चीत नवरा बसतो. टंचाईत टँकरच्या मागे बाई धावते, पाणीपुरवठ्याच्या समितीत सही भाऊसाहेबांची. वेळेला मिळालेली परवानगी वेळ गेल्यावर काढून घेता येते. म्हणून ती ठरावात यावी लागते, इतिवृत्तात लिहावी लागते.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावात बायका करतात अशी पाच कामं फळ्यावर लिहा. प्रत्येक कामापुढे लिहा, त्या कामाच्या कागदावर सही कोणाची असते. यादी झाली की आम्हाला रेडिओवर कळवा. पुढचा कार्यक्रम तुमच्या यादीवरच करू.