नाताळची सजावट: गरिबीतून आलेली चांदणी, गोठा आणि काचेचा गोळा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिखित स्वरूपात देतोय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी गप्पांची वाटेल. चालवून घ्या.

डिसेंबर आला की आयटी कंपन्यांमध्ये एक स्पर्धा ठरलेली असते, ‘बे डेकोरेशन’. एचआरकडून प्रत्येक टीमला थोडे पैसे मिळतात, कोणीतरी ॲपवरून प्लॅस्टिकचं झाड, चमकीच्या माळा आणि सोनेरी गोळे मागवतं, दोन तासांत सगळं लागतं, फोटो निघतात. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते सगळं काळ्या पिशवीत जातं. मग कोणीतरी म्हणतं, “पुढच्या वर्षी बजेटमध्ये, हाताने काहीतरी करूया.” जणू ही एखादी नवीन आयडिया आहे!

आजचा मुद्दा हाच आहे. नाताळच्या सजावटीत हाताने आणि स्वस्तात केलेलं काही ‘घालायचं’ नसतं. ती सजावट मुळात तिथूनच आलीय. आपण दुकानातून जे विकत आणतो, त्यातल्या बऱ्याचशा वस्तू कोणाच्या तरी टंचाईतून जन्माला आल्यात.

आधी शब्द

‘नाताळ’ हा शब्दच घ्या. हिंदीत ‘बडा दिन’ म्हणतात, आपण म्हणतो नाताळ. हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ वरून आलाय. १५३४ ते १७३९, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत, दोनशेहून जास्त वर्षं वसईचा पट्टा पोर्तुगीजांकडे होता, आणि गोवा तर १९६१ पर्यंत. त्या सहवासात हा शब्द मराठीत असा मुरला की शाळेच्या ‘नाताळच्या सुट्टी’त कुणाला परकं काही वाटत नाही. म्हणजे हा विषय आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही.

गोठा: १२२३ सालचं गवत

गोव्यात आणि वसईत नाताळला घरोघरी गोठा करतात. बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव. याची गोष्ट सुरू होते इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावात, १२२३ साली. असिसीच्या फ्रान्सिसने तिथे एका गुहेत गव्हाण मांडली, गवत पसरलं, एक जिवंत बैल आणि एक गाढव आणून उभं केलं. सोनं नाही, संगमरवर नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गरिबीचं व्रत घेतलं होतं, त्याला लोकांना हेच दाखवायचं होतं की हा जन्म गोठ्यात झाला, महालात नाही.

पुढची काही शतकं गोठे चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या घरी सजत राहिले. मग आली फ्रेंच राज्यक्रांती. १७९३ च्या सुमारास फ्रान्समध्ये चर्च बंद पडली, मध्यरात्रीची प्रार्थना बंद झाली, चर्चमधले गोठेही गेले. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातल्या लोकांनी काय केलं? घरातच छोटे गोठे मांडले. मार्सेय शहरातल्या झाँ-लुई लान्येल नावाच्या कारागिराने प्लास्टरचे साचे तयार केले. साच्यात ओली माती दाबायची, बाहुली काढायची, वाळवायची, रंगवायची. भट्टीचा खर्चसुद्धा नाही. त्यामुळे साध्या माणसाला परवडणाऱ्या मूर्ती मिळू लागल्या. त्यांना ‘सांतों’ म्हणतात, म्हणजे ‘छोटे संत’. १८०३ साली मार्सेयमध्ये या बाहुल्यांची जत्रा सुरू झाली.

आणि त्यात बाहुल्या कुणाच्या? नुसत्या संतांच्या नाहीत. मासे विकणारी बाई, पाववाला, सुऱ्यांना धार लावणारा, पाणी भरणारी. अख्खा गाव बाळाला बघायला निघालाय!

आता सांगा, हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? दिवाळीचा किल्ला! मातीचे मावळे, पाटी घेतलेली भाजीवाली, विहीर, वर सिंहासनावर महाराज. आणि किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून आपण अळीव किंवा मोहरी पेरतो. गोव्यात गोठ्यापुढे शेत दिसावं म्हणून नाचणीसारखं धान्य रुजवतात. प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी, बशीत गहू रुजत घालतात आणि नाताळपर्यंत त्याचे कोंब टेबलावर हिरवेगार उभे असतात. कुणी कुणाची कॉपी केली असं मी म्हणत नाहीये. पण मूठभर धान्य, थोडं पाणी आणि दोन-तीन आठवडे वाट बघणं, यापेक्षा स्वस्त सजावट जगात कुठे मिळणार?

चांदणी: गणिताच्या तासातून आलेली

आता माझा आवडता भाग, कारण यात भूमिती आहे.

जर्मनीच्या पूर्व भागात मोराव्हियन नावाच्या प्रोटेस्टंट पंथाच्या निवासी शाळा होत्या. बरीच मुलं अशी होती की त्यांचे आईवडील धर्मप्रसारासाठी दूरच्या देशांत गेलेले. नाताळच्या आधीचे दिवस या मुलांना जड जात असणार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निस्की गावातल्या अशाच एका शाळेत भूमिती शिकवता शिकवता कागदाची चांदणी बनवायची पद्धत सुरू झाली. कागद, कात्री, डिंक आणि गणिताचा तास. खर्च जवळपास शून्य. पुढे ही मुलं मोठी झाली, आपापल्या घरी चांदणी करू लागली, आणि शतकाच्या अखेरीस हेर्नहुट गावात पीटर फेरबेक नावाच्या माणसाने तिचा व्यवसाय सुरू केला. हेर्नहुटमध्ये आजही ती हातानेच जोडतात.

या चांदणीचं स्ट्रक्चर बघा, एकदम स्वच्छ डिझाइन आहे. आत कल्पनेतला एक घनाकार असतो, त्याला १८ चौरस बाजू आणि ८ त्रिकोणी बाजू. एकूण २६. प्रत्येक बाजूवर एक टोकदार शंकू बसवायचा. वरचा एक चौरस मोकळा सोडायचा, तिथून दिवा आणि दोरी. म्हणजे १७ चौकोनी टोकं, ८ त्रिकोणी टोकं, एकूण २५.

करायचं असेल तर सांगतो. जाडसर कागदावर लांबुळके समद्विभुज त्रिकोण पंख्यासारखे शेजारी शेजारी काढा. पाया ४ सेंटिमीटर, बाजू १२ सेंटिमीटर. चौकोनी टोकासाठी चार त्रिकोण, त्रिकोणी टोकासाठी तीन. कडेला आणि पायाला चिकटवायची पट्टी ठेवा. घडी घाला, चिकटवा. मग जोडणी: मधल्या पट्ट्यात ८ चौकोनी टोकांचं कडं. त्याच्या वर चौकोनी, त्रिकोणी, चौकोनी, त्रिकोणी अशी ८. खालीही तशीच ८. तळाला एक चौकोनी. झाली २५. फक्त एकच नियम कडक आहे, सगळ्यांचे पाये अगदी सारखे हवेत. एक जरी दोन मिलिमीटर चुकला तरी शेवटचं टोक बसत नाही. आत एलईडी लावा. मेणबत्ती किंवा तापणारा जुना बल्ब अजिबात नाही, कागद आहे तो.

कामट्यांची चांदणी

एवढा गणिती खटाटोप नको असेल तर दुसरी चांदणी आहे, आपल्या हातातली. फिलिपिन्समध्ये नाताळला ‘पारोल’ लावतात. नाव स्पॅनिश ‘फारोल’ म्हणजे कंदील यावरून आलंय. तिथे १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थनेला जायची प्रथा आहे, आणि अंधारात वाट दिसावी म्हणून लोक हातात कंदील घेऊन जायचे. बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद, बस्स.

गोव्यातली घरगुती चांदणीही याच कुळातली, आणि आपला आकाशकंदीलही. पाच सारख्या कामट्या एकमेकांत अडकवून एक सपाट चांदणी. तशीच दुसरी. दोन्हींची पाच टोकं दोऱ्याने एकत्र बांधायची. मग आतल्या पाच सांध्यांवर, दोन चांदण्यांच्या मध्ये, बोटभर लांबीच्या काड्या खोचायच्या. चांदणी एकदम फुगते. म्हणजे १० लांब कामट्या, ५ छोट्या काड्या. वर पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. शाळेत कधी आकाशकंदील केला असेल तर तुम्हाला हे आधीच येतंय!

झाड आणि काचेचा गोळा

आता झाड. स्ट्रासबुर्ग शहरातली १६०५ सालची एक नोंद आहे, त्यात घरातल्या झाडावर काय काय टांगलं होतं ते सांगितलंय: रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, गोड पदार्थ. सगळं घरातलं, आणि बरंचसं नंतर खाण्यासारखं. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या झाडाचं चित्र छापून आलं आणि ही जर्मन प्रथा इंग्लंडमध्ये एकदम फॅशनची झाली. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने झाडावर विजेचे ८० छोटे दिवे लावले. पण तेव्हा तो श्रीमंतांचा खेळ होता.

आणि तो चकचकीत गोळा? त्याचं गाव आहे लाउशा, जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरात. १५९७ पासून तिथे काचेचं काम चालायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे झाडावर टांगायचे काचेचे गोळे तयार होऊ लागले. दंतकथा अशी की एका गरीब काचकामगाराला झाडासाठी सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ती काचेची फुंकली. खरंखोटं सोडा, पण लोकांनी ही गोष्ट दीडशे वर्षं सांभाळलीय, कारण तिथल्या गरिबीशी ती जुळते.

कारण पुढचं चित्र असं आहे. १८६७ साली गावात गॅसची सोय झाली, ज्योत ताब्यात आली आणि गोळे पातळ व मोठे फुंकता येऊ लागले. घराघरात कारखाना सुरू झाला. बाप काच फुंकणार, आई आतून चांदीचं द्रावण फिरवून चकाकी आणणार, मुलं रंगवणार, टोपण बसवणार. मग बायका पाठीवर टोपल्या घेऊन जवळच्या झोनेबर्गला जाऊन व्यापाऱ्यांना माल देणार. १८८० साली अमेरिकेत वुलवर्थने हे गोळे आपल्या ‘पाच-दहा सेंट’च्या दुकानात ठेवले. सुरुवातीला त्याला भरवसाच नव्हता, पण माल हातोहात संपला. पुढे हे गोळे अमेरिकेत घराघरात पोचले.

इथे जरा थांबूया. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला गोळा काही सेंटमध्ये का मिळत होता? कारण लाउशातलं अख्खं कुटुंब, मुलांसकट, उजेड मावळल्यावरही काम करत होतं. ‘बजेट-फ्रेंडली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते आपण नेहमी एकत्र करतो. एक: मी स्वतः हाताने केलं, म्हणून स्वस्त. दुसरा: दुसऱ्या कुणाच्या तरी हातांना कमी पैसे मिळाले, म्हणून स्वस्त. निस्कीच्या शाळेतली चांदणी पहिल्या प्रकारची. वुलवर्थच्या दुकानातला गोळा दुसऱ्या प्रकारचा. दिसायला दोन्ही ‘हॅंडमेड’च.

नंतर मशीन आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन माल बंद होणार हे ओळखून मॅक्स एकार्टने अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीकडून बल्ब बनवायच्या मशीनवर गोळे काढून घेतले. युद्धात धातू मिळेना, तेव्हा आतली चांदी गेली, साध्या काचेवर रंगाचे पट्टे आले आणि वरचं टोपण पुठ्ठ्याचं झालं. पुन्हा टंचाई, पुन्हा नवीन डिझाइन! आज जगभरच्या सजावटीचा मोठा वाटा चीनमधल्या यीवू शहरातून येतो. आपल्या ॲपवरच्या ‘फक्त १४९’च्या माळेमागेही कुणाचे तरी हात आहेत, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत.

मग यंदा काय करायचं?

विकत आणूच नका असं मी म्हणत नाहीये. पण आणायचंच असेल तर टिकेल असं आणा आणि दहा वर्षं वापरा. गोव्याला किंवा वसईला गेलात आणि कुणी हाताने केलेली चांदणी विकत असेल, तर घासाघीस करू नका. पंधरा सांधे बांधायला किती वेळ लागतो हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि घरी करायचं असेल तर यादी छोटी आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाडग्यात नाचणी किंवा गहू रुजत घाला. शाडूच्या मातीच्या चार-पाच बाहुल्या करा, आणि त्यात आपल्या गल्लीतली माणसं घ्या: इस्त्रीवाला, डिलिव्हरीवाला, सोसायटीच्या वॉचमन काकांसकट. कामट्या, पतंगाचे चार ताव, थोडी खळ. दिवाळीची एलईडी माळ कपाटात आहेच. दोनशे रुपयांच्या आत काम होतं, आणि ज्याच्या घरी नाताळ असतो अशा एखाद्या मित्राला सोबत बसवलंत तर संध्याकाळही छान जाते.

फोटो काढलेत तर पाठवा, विशेषतः २५ टोकांच्या चांदणीचे. शेवटचं टोक बसलं का, हे मला खरंच बघायचंय. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर, नाताळच्या शुभेच्छा!