घोड्यावरचा आळ

सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार सुरू होतो. मारवाडी, काठेवाडी जनावराचे दात बघून, चाल पारखून मगच सौदा ठरतो. एवढी पारख होते तिथे घोड्यावरचा एक जुना आळही तपासायला हरकत नाही. चरकसंहितेत गुदाशेजारी ठणकणाऱ्या गळवाची कारणं सांगितली आहेत : कृमी, पोटात गेलेलं हाड, कुंथणं, उकिडवं बसणं आणि घोड्याची पाठ. सुश्रुताने न पिकलेल्या गळवाला पिडका आणि पिकून फुटलेल्याला भगंदर म्हणून त्याचे पाच प्रकार केले. पुढे युरोपातही हाच समज दिसतो. 1686 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं भगंदर कापलं गेलं, तेव्हा त्याच्या घोडेस्वारीकडे बोट दाखवलं गेलं.

हा आळ मात्र टिकत नाही. गुदद्वाराच्या थोडं आत बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजली की आत जंतू वाढतात, पू साचतो आणि वाट काढत कातडीपाशी येतो. 1880 मध्ये हर्मान आणि देफॉस या फ्रेंच संशोधकांनी या ग्रंथींचा संबंध दाखवला; 1961 मध्ये लंडनच्या ॲलन पार्क्स यांनी तो पक्का केला. बहुतेक गळवांचं मूळ हेच. काहींच्या मागे क्षय किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असतो. कोणी म्हणेल, हा रोग पुरुषांना जास्त होतो आणि स्वारीही पुरुषच करत. पण आज घोड्याला हातही न लावलेल्या रुग्णांतही पुरुषच अधिक आहेत, आणि वर्षाच्या आतल्या बाळांना असं गळू झालं तर तेही बहुधा मुलग्यांनाच. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये हादरे खाणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या गळवांना ‘जीपचा रोग’ म्हणत, हेही खरं; पण ती माकडहाडाजवळ, रुतलेल्या केसांमुळे होत. खोगिराच्या घर्षणाने केस्तूड उठेल, असलेलं गळू जास्त दुखेल. आतली ग्रंथी बुजवणं त्याच्या हातात नाही.

चरकाचं निदान तरीही फुकट जात नाही : पोटात गेलेलं हाड आत रुतून गळू झाल्याची उदाहरणं आजही क्वचित सापडतात. उपायाचा मुद्दाही जुनाच आहे, पू बाहेर काढलाच पाहिजे. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी साचलेला पू जात नाही, आणि निचऱ्यानंतरही अनेकांना पुढे भगंदर होतं. तेव्हा गुदाजवळ सूज, ठणका आणि ताप असेल तर लाजेपायी पोटीस बांधत बसू नका; मधुमेह असेल तर एक दिवसही न घालवता शल्यचिकित्सक गाठा.