रक्त थांबवणारा कचरा

धानकापणीत विळा बोटाला लागला नाही असा माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात विरळाच. बोट घट्ट दाबायचं, थोड्या वेळानं रक्त थांबतं, कापणी पुढे चालू. पण ते थांबवतं कोण? हे कळायला १८८२ साल उजाडावं लागलं.

रक्तातले ते बारीक कण आधीही दिसले होते. माक्स शुल्ट्झनं १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. पण बऱ्याच जणांना ते फुटलेल्या पेशींचे तुकडे वाटायचे. (आमच्या लॉगमधल्या वॉर्निंगसारखं, दिसतात सगळ्यांना, वाचत कुणी नाही!) आणि काचेवर घेतलेल्या रक्तात ते लगेच आकार बदलून गोळा होतात, मग दुसरं काय वाटणार?

तुरिनच्या जुलिओ बिझोझेरोनं रक्त बाहेर काढलंच नाही. जिवंत गिनीपिगच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या, एकीला इजा केली आणि बघत बसला. वाहत्या रक्तातले ते कण नेमके इजेच्या जागी चिकटले, मग एकमेकांना. याच रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट.

भिंत फाटली की आतलं कोलॅजन उघडं पडतं, त्यावर फॉन विलेब्रँड हे प्रथिन बसतं आणि धावत्या पट्टिकेला पकडतं, हे पुढे कळलं. पकडलेली पट्टिका रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावते. फायब्रिनची जाळी त्यावर पक्की बसते.

डेंग्यू आला की मात्र घरोघरी एकच प्रश्न: प्लेटलेट किती? २०१७ मध्ये सिंगापूर-मलेशियातल्या मोठ्या माणसांवरच्या चाचणीत आकडा २० हजारांच्या खाली असूनही, रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवल्यानं तो टळण्यात फायदा दिसला नाही.