मुंबईतील आद्य मेथडिस्ट उपदेशक जॉर्ज बोवेन यांचा धर्मविचार

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विचार बहुधा शाळा, छापखाना आणि धर्मांतर या तीनच अंगांनी केला जातो. त्यांच्यापैकी एखाद्याचा स्वतंत्र धर्मविचार होता काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जॉन विल्सन यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. जॉर्ज बोवेन (१८१६-१८८८) मात्र उपेक्षितच राहिले.

अमेरिकेतील व्हर्मांट प्रांतात जन्मलेले बोवेन तरुणपणी नास्तिक होते. १८४४ मध्ये त्यांच्या प्रेयसीचे निधन झाले. तिने मागे ठेवलेले बायबल ते वाचू लागले आणि त्यातून त्यांचे मतपरिवर्तन घडून आले. न्यूयॉर्क येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन १८४८ मध्ये ते अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत दाखल झाले.

धर्मविचार व आचरण :

बोवेन यांच्या विचाराचे मर्म त्यांच्या एका निर्णयात सापडते. मुंबईत येऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच, १८४९ मध्ये, त्यांनी मिशनचे वेतन नाकारले आणि देशी वस्तीत एका साध्या खोलीत ते राहू लागले. साहेबाच्या थाटात राहून त्यागाचा उपदेश करणाऱ्यावर येथील लोकांचा विश्वास बसणार नाही, अशी त्यांची धारणा होती. ज्या देशात अकिंचन साधू गावोगाव दिसतो, तेथे हा विचार खरे तर कोणालाही सुचावा. पण सहकाऱ्यांना तो अव्यवहार्य वाटला. त्यामुळे बोवेन यांच्या दृष्टीने बायबल हे सिद्धांतांचे भांडार नसून जगण्याची आज्ञा होते. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या ते सतराव्या अध्यायांवर त्यांनी चिंतनपर ग्रंथ लिहिला. या अध्यायांचा आरंभ गुरूने शिष्यांचे पाय धुण्याच्या प्रसंगाने होतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची निवड सहेतुक वाटते.

तथापि ते केवळ चिंतनशील नव्हते. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. त्यांचा वृत्तांत बोवेन यांनी त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. विष्णुबुवांच्या बाजूचा 'समुद्रकिनारीचा वादविवाद' १८७२ मध्ये प्रकाशात आला. एकाच वादाच्या दोन्ही पक्षांच्या नोंदी उपलब्ध असणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने दुर्मीळ गोष्ट होय. त्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्या काळातील धर्मचर्चेचे मूल्यमापन एकांगीच राहील. 'बॉम्बे गार्डियन' या साप्ताहिकाचे संपादनही त्यांनी दीर्घकाळ केले.

मेथडिस्ट पंथाकडे :

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले. परदेशी पैशावर न विसंबता मंडळीने स्वतःच्या बळावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. जॉन वेस्ली यांच्या परंपरेतील पवित्र जीवनाचा ध्यास आणि हे स्वावलंबन या दोन्ही गोष्टी बोवेन वीस वर्षांहून अधिक काळ आचरीत होते. म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर त्यांनी केलेला मेथडिस्ट पंथाचा स्वीकार हे मतांतर नसून, जगून झालेल्या विचाराला मिळालेले नाव होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. १८७६ मध्ये मेथडिस्टांची दक्षिण भारत परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या जुन्याजाणत्या धुरिणांत त्यांची गणना होत होती. निजामाच्या राज्यात बिदर परिसरात मेथडिस्टांचे काम वाढले ते यानंतर.

बोवेन यांच्या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र नजरेआड करता येत नाही. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी रस्त्यावर उपदेश केला. त्यातून ख्रिस्ती झालेले लोक जवळजवळ दाखवता येत नाहीत. गरिबी पत्करली की अंतर मिटेल, हे गृहीतक फलद्रूप झाले नाही. वेतन सोडता आले, तरी राज्यकर्त्यांचा वर्ण आणि परका धर्म सोडता येण्यासारखा नव्हता. पुढे १९१७ मध्ये रेव्ह. ना. वा. टिळकांनी मिशनपासून अलग होऊन 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हा त्यांच्यापाशी बोवेन यांच्यापाशी नसलेली एक गोष्ट होती : अभंगाची भाषा. बोवेन ५ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईतच निवर्तले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नव्हते.