खांद्यातली खाच, जी नीटच्या सिलॅबसमध्ये नाही

लातूर किंवा नांदेडच्या क्लासमध्ये ज्यांची दोन वर्षं गेलीत, ते स्कॅप्युला झोपेतही सांगतील. पाठीकडचं त्रिकोणी चपटं हाड, दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या मधे. प्रश्न सुटला. मी बीटेकवाला, माझा या हाडाशी संबंध लॅपटॉपच्या बॅगेपुरता. पण त्याच्या वरच्या कडेला एक छोटी खाच असते, आणि आजचा एपिसोड तिच्यावर आहे.

या खाचेवरून एक लिगामेंट आडवं जातं, ओढ्यावरच्या पुलासारखं. पुलाखालून सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह जाते, तर त्याच नावाची धमनी बहुतेकांमध्ये पुलावरून. हात बाजूला उचलणारा आणि बाहेर फिरवणारा, असे दोन स्नायू ही नर्व्ह चालवते. जागा कमी पडली की ती दाबली जाते. खांद्यामागे खोल ठणका लागतो, हातातला जोर जातो, हळूहळू मांस झडून हाडावर खड्डा दिसायला लागतो. मुंग्या मात्र सहसा येत नाहीत, कारण या नर्व्हचं कातडीशी फारसं देणंघेणं नाही. इथेच घोळ होतो. कुणी मानेचा मणका म्हणतं, कुणी फ्रोझन शोल्डर, घरचे म्हणतात वात आहे. तोवर स्नायू वाळत राहतो.

फ्रान्समध्ये आंद्रे थॉमा यांनी १९३६ मध्येच यातल्या एका स्नायूच्या लकव्याबद्दल लिहिलं होतं. १९५९ मध्ये कोपेल आणि थॉम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं की फ्रोझन शोल्डर म्हणून येणाऱ्या काही दुखण्यांमागे ही अडकलेली नर्व्ह असू शकते. पण एकाचीच का अडकते, शेजारच्याची का नाही?

याचं उत्तर शोधलं सेट्टी रंगाचारी यांनी. मूळचे भारतीय, अमेरिकेत न्यूरोसर्जन. १९७९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २११ स्कॅप्युला तपासून खाचेचे सहा प्रकार पाडले. पहिल्यात खाच जवळजवळ नाहीच. सर्वांत जास्त, ४८ टक्के हाडांत, इंग्रजी यू सारखी खाच. आणि सहाव्या प्रकारात, ४ टक्के हाडांत, लिगामेंटचंच हाड होऊन खाचेचं बंद भोक झालेलं! पुलाचं सिमेंट काँक्रीट झालं म्हणा ना.

पण मोजायला हाडं लागतात, आणि ती कुणाची तरी असतात. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १८४६ ची मेडिकल स्कूल होती ती हैदराबादला. इकडे मुंबई राज्यात १९४९ मध्ये ॲनाटॉमी कायदा आला, बेवारस मृतदेह वैद्यकीय कॉलेजांना देण्याची सोय झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये, आणि त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. नांदेडचं थेट १९८८ चं, लातूरचं त्याहून नंतरचं. हे मला लागतं. ज्या लातूर पॅटर्नने डॉक्टर घडवले, त्या शहराला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज इतक्या उशिरा मिळालं.

रंगाचारींनंतर भारतातल्या बऱ्याच ॲनाटॉमी विभागांनी कपाटातली हाडं काढून व्हर्नियर कॅलिपरने खाचा मोजल्या. हाड झालेलं लिगामेंट कुठे दोन-तीन टक्के, कुठे दहाच्या वर. असे पेपर प्रमोशनसाठी लिहितात म्हणून लोक हसतात. मी नाही हसत. ज्यांचं प्रेत न्यायला कुणी आलं नाही, अशा माणसांचीही हाडं त्या कपाटात आहेत. आणि हा आकडा ऑपरेशनच्या टेबलावर कामाला येतो.

नर्व्ह मोकळी करायची तर लिगामेंट कापावं लागतं, आता दुर्बिणीतूनही कापतात. साधं लिगामेंट असेल तर काम सरळ. पण आत जाऊन बघावं तर तिथे हाड! ते फोडायचं, आणि नर्व्ह त्याला लागूनच खाली. म्हणून शंका असेल तर आधीच सीटी स्कॅन करून पूल कसला आहे ते बघून घेतात.