उंदीर पडला की घर सोडायचं

माझी आजी तशी कशाला घाबरत नाही. पाल, झुरळ, एकदा तर मागच्या गॅलरीत निघालेला साप, सगळं तिने केरसुणीच्या जोरावर निभावलंय. पण मेलेला उंदीर दिसला की ती एकदम गप्प होते. पदर नाकाला लावते, "हात लावू नका रे कुणी" म्हणते आणि त्या दिवशी जेवण धड जात नाही तिला.

लहानपणी आम्ही तिची जाम टिंगल करायचो. मग एकदा तिने सांगितलं की तिच्या आजीने तिला शिकवलं होतं, उंदीर पडला की घर सोडायचं. पडला म्हणजे माळ्यावरून खाली पडला असं नव्हे. प्लेगच्या काळात उंदीर मरायला लागले की लोक 'उंदीर पडले' म्हणायचे. उंदीर पडले की हाताला लागेल ते धान्य आणि भांडी घेऊन गावाबाहेर रानात झोपडी घालायची, आणि साथ ओसरेपर्यंत परत फिरकायचं नाही. ही आजीची आजी शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई.

तर मंडळी, मागच्या वीकांताला हापिसातून काही फोन आला नाही (हीच एक ऐतिहासिक घटना), म्हणून प्लेगचा इतिहास काढून बसलो. आणि त्यात जे सापडलं त्याने दोन दिवस डोकं भणभणतंय.

सुरुवात होते मुंबईत, सप्टेंबर १८९६ मध्ये. मांडवी बंदराच्या बाजूला धान्याची गोदामं आणि त्यांना चिकटून माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी. तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना रुग्ण दिसायला लागले. जोराचा ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि काही दिवसांत खेळ खलास. व्हिएगसांनी स्पष्ट सांगितलं, हा गाठीचा प्लेग आहे. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हीच साथ येऊन गेली होती आणि बहुधा जहाजांतून ती इकडे आली. त्याच हाँगकाँगच्या साथीत १८९४ साली येर्सिनने प्लेगचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे गुन्हेगार कोण हे ठाऊक होतं. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या धंद्यात असं बऱ्याचदा होतं. प्रॉडक्शनवर काहीतरी फुटतं, कारण सापडत नाही आणि वरून विचारणा चालू असते की काय केलंत. मग आपण सर्व्हर रीस्टार्ट करतो, मेमरी वाढवतो, लॉग साफ करतो. काहीतरी करताना दिसलं पाहिजे ना!

मुंबईतही तेच झालं. प्लेग घाणीतून आणि दूषित हवेतून येतो, अशी समजूत होती. त्यामुळे गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं. भिंतींना चुना फासला. ऊन आणि वारा आत यावा म्हणून छपरांची कौलं उतरवली. राहण्यालायक नसलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवली, म्हणजे 'अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन'. आणि रुग्ण दिसला की त्याला उचलून इस्पितळात न्यायचं, घरच्यांची इच्छा असो नसो.

आता गंमत बघा. गटारं धुतल्यावर गटारातले उंदीर जाणार कुठे? शेजारच्या घरात! इतकी मेहनत घेऊन जो उपाय केला, त्याने रोग पसरायला मदतच झाली असणार.

पण माझ्या डोक्यात जास्त राहिलं ते उचलून नेणं. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत यायचा नाही. तिथे सगळ्या जातिधर्मांचे रुग्ण एकत्र, घरच्यांना भेटू देतील की नाही ह्याची खात्री नाही. लोकांनी काय करावं? रुग्ण लपवले. माळ्यावर लपवले, कपाटात लपवले, मेले तर गुपचूप पुरले. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. (हे आजचं कस्तुरबा रुग्णालय. २०२० मध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले होते.) त्यानंतर मुंबईतली सक्ती जरा सैल करावी लागली. तोवर लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली होती आणि १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कोकणात, देशावर, गुजरातेत, जो तो आपापल्या गावी. काहींच्या गाठोड्यांतून पिसवाही गेल्या.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने कायदा केला, एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट. किती मोठा? चार कलमं फक्त. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि कायद्याखाली सद्भावनेने काही करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. लोकांच्या हक्कांबद्दल एक ओळ नाही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा हाच कायदा काढला होता. मार्च २०२० मध्येही हाच.

पुण्याचा भाग शाळेत शिकवतात, त्यामुळे थोडक्यात सांगतो. रँड नावाचा अधिकारी प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला आणि मार्च ते मे १८९७ गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. स्वयंपाकघरात बुटांसकट, देवघरात बुटांसकट. बायकांच्याही जांघा-काखा तपासायच्या, सामान बाहेर काढून जाळायचं. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. मागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधू फाशी गेले, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. '२२ जून १८९७' हा सिनेमा बघितला नसेल तर जरूर बघा.

पण ह्या गोष्टीतली काही माणसं आपण विसरतो. टिळक नुसते अग्रलेख लिहीत नव्हते. बरेच पुढारी गाव सोडून गेले असताना ते पुण्यात राहिले आणि त्यांनी हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं इस्पितळ चालवलं. साथ रोखायला उपाय हवेत ह्याला त्यांचा विरोध नव्हता, राग होता तो पद्धतीवर. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. गोखले तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल तिथे जाहीर आरोप केले, पण परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी उघडपणे पुढे येईना, आणि गोखल्यांना माफी मागावी लागली. कोण कशाला पुढे येईल? आपल्या घरातल्या बाईचं नाव कोण छापून आणेल?

बरं, एवढं सगळं करून उपयोग झाला का? मे महिन्यात पुण्यातला प्लेग ओसरला. सरकारला वाटलं आपल्या कडक उपायांनी ओसरला. पण कडक उन्हाळ्यात पिसवा तशाही कमी होतात. त्याच वर्षी प्लेग पुन्हा आला, आणि पुढे कितीतरी वर्षं येत राहिला. रीस्टार्ट केल्यावर बग गेला म्हणून पार्टी करायची आणि सोमवारी तो हजर, तसलाच प्रकार.

खरं कारण सापडलं कराचीत. पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर रुग्णांच्या अंगावर कधीकधी बारीक फोड बघायचा. ते पिसवा चावल्याचे असावेत असा त्याला संशय आला. उंदीर मरून थंड पडला की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. उंदीर संपले की माणूस. जून १८९८ मध्ये त्याने एका बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि निरोगी उंदीर त्याला शिवू शकणार नाही पण पिसवा जाऊ शकतील अशी व्यवस्था केली. निरोगी उंदीर प्लेगने मेला. झालं, सापडलं! पण बऱ्याच दिग्गजांनी ते मानलंच नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांचे पिंजरे टांगून खात्री करून घेतली. जमिनीवरच्या पिंजऱ्यातले गिनीपिग आजारी पडले. पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेले वाचले.

म्हणजे आजीची आजी बरोबर होती. उंदीर पडला की घर सोडायचं, कारण मेलेल्या उंदरांच्या पिसवा घरातच असतात. मोकळ्या रानात उंदीर कमी, पिसवा कमी. पुढे सरकारनेही घर रिकामं करण्यावर आणि राजीखुशीने लस घेण्यावर भर दिला. पण तोवर लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं. प्लेगमध्ये ह्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

लसीचीही तीच कथा. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईत येऊन तीन महिन्यांत त्याने लस तयार केली (जंतू वाढवायच्या रसावर तो चक्क तुपाचे थेंब सोडायचा) आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतलं, एकदा नव्हे, अनेकदा, आणि त्यांच्या अनुयायांची भीती गेली. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. दोष बाटली उघडणाऱ्याच्या चुकीचा असावा असं पुढे दिसून आलं, हाफकिन निर्दोष ठरला, पण त्यात पाच वर्षं गेली. तोवर लसीबद्दल अफवा काय पसरल्या असतील ह्याची कल्पना आपल्या पिढीला तरी द्यायला नको.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

२०२० मध्ये मी तेवीस वर्षांचा होतो, पहिल्या नोकरीला सहा महिने झालेले, घरून काम. आमच्या सोसायटीच्या कमिटीने मला बोलावून घेतलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, एक शीट बनव. कोण पॉझिटिव्ह, कुठला फ्लॅट, कधीपासून." मी बनवली. झकास बनवली, लाल रंग आपोआप यायचा. ती शीट त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. ज्या घराचं नाव लाल झालं, त्या घराचं दूध खाली गेटवर राहायला लागलं, कामवाल्या बाईला बंदी, आणि लिफ्टमध्ये "त्यांनी बटण दाबलं होतं का" अशी चौकशी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ताप आला तेव्हा त्यांनी सहा दिवस कुणाला सांगितलं नाही. काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठ्याने लावायचा. सातव्या दिवशी श्वास लागला तेव्हा ॲम्ब्युलन्स आली. काका बावीस दिवसांनी परत आले. काकू त्या आजारात गेल्या.

शीट नसती तर काकांनी लवकर सांगितलं असतं का, माहीत नाही. पण १८९६ मध्ये कपाटात लपवलेल्या रुग्णांबद्दल वाचताना मला टीव्हीचा तो मोठा आवाज ऐकू येत होता. आणि शीट मागितली तेव्हा "ही कुणाकुणाला दिसणार?" एवढा साधा प्रश्नही मी विचारला नव्हता. हापिसात तर डेटाबेसचा साधा ॲक्सेस द्यायचा तरी आम्ही तीन मेल लिहितो.

माझं हापिस मगरपट्ट्यात आहे. तिथून मुंढवा हाकेच्या अंतरावर. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा डॉ. यशवंत ह्याने हडपसरच्या बाजूला, गावाबाहेरच्या माळावर, रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याला गायकवाडांच्या पोराला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. पोरगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या. रँडच्या झडत्या त्याच महिन्यातल्या. यशवंतही पुढे, १९०५ मध्ये, प्लेगच्या रुग्णांवर उपचार करतानाच गेला.

सोमवारी सकाळी मुंढव्याच्या सिग्नलला कॅब वीस मिनिटं अडकली होती. म्हटलं, इथून हडपसरपर्यंत, पाठीवर पोर घेऊन.

काल संध्याकाळी ती शीट ड्राइव्हवर शोधली. अजून होती. एकशे चार लोकांना दिसत होती.